विश्लेषण : कुष्ठरोगाचा जिवाणू गप्प राहायला कसा शिकला?

ताप नाही, खाज नाही, दुखणेही नाही. त्वचेवर एक फिकट चट्टा दिसतो आणि तिथे स्पर्श कळत नाही, एवढेच. कुष्ठरोगाचा जिवाणू माणसाच्या शरीराशी इतका जुळला आहे की रुग्णाला दवाखान्यात जाण्याचे कारणच तो देत नाही. त्यामुळे ‘रुग्ण आला की उपचार करू’ हे धोरण या रोगापुढे टिकत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबसारख्या गावांत रोग खरोखर थांबवायचा असेल तर आरोग्ययंत्रणेनेच दारोदार जायला हवे. ते का, हे जिवाणूच्या स्वभावातूनच समजते.

जिवाणू शरीराशी जुळवून घेतो म्हणजे काय?

माणसाचे शरीर ही जिवाणूसाठी सोपी जागा नाही. तापमान ३७ अंशांच्या आसपास, लोह सहज मिळत नाही आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी सतत मागावर. त्यात टिकायचे तर जिवाणूला आपली वागणूक बदलावी लागते. १८९६ मध्ये मुंबईत पसरलेल्या प्लेगचा जिवाणू पिसवाच्या पोटात असताना एका प्रकारे वागतो आणि माणसाच्या उबदार शरीरात शिरला की तापमानाचा फरक ओळखून बाहेरचे आवरणच बदलतो. टायफॉइडचा जिवाणू काही जणांच्या पित्ताशयात वर्षानुवर्षे मुक्काम करतो. क्षयाचा जिवाणू फुप्फुसात जवळजवळ झोपून राहतो आणि प्रतिकारशक्ती ढासळली की उठतो.

हे बदल दोन तऱ्हांचे असतात. काही तात्पुरते, म्हणजे परिस्थितीनुसार काही जनुके चालू किंवा बंद करणे. काही कायमचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जनुकांतच बदल होत जाणे. कुष्ठरोगाच्या जिवाणूत ही दुसरी प्रक्रिया टोकाला गेली आहे. प्लेगचा जिवाणू काही दिवसांत रुग्णाचा जीव घेतो. कुष्ठरोगाचा जिवाणू मात्र भाडेकरूसारखा येतो आणि वर्षानुवर्षे आवाज न करता राहतो.

या जिवाणूने काय गमावले?

नॉर्वेतील डॉक्टर गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये हा जिवाणू शोधला. त्याला आता दीडशे वर्षे उलटली, तरी प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत तो आजवर कोणालाही वाढवता आलेला नाही. १९६० मध्ये तो उंदराच्या तळपायात वाढवता आला, तर पुढे १९७१ मध्ये अमेरिकेतील आर्माडिलो या खवल्यांच्या प्राण्यात. जिवंत शरीराबाहेर तो वाढतच नाही.

असे का, याचे उत्तर २००१ मध्ये मिळाले. त्या वर्षी या जिवाणूची संपूर्ण जनुकीय रचना प्रसिद्ध झाली. त्यासाठी वापरलेला नमुना तमिळनाडूतील रुग्णाकडून आलेला होता. त्याचा चुलतभाऊ म्हणता येईल अशा क्षयाच्या जिवाणूत सुमारे ४ हजार जनुके कामाची असतात. कुष्ठरोगाच्या जिवाणूत ती जेमतेम १६०० उरली आहेत आणि जवळपास ११०० जनुके मोडक्या अवस्थेत पडून आहेत. रिकाम्या वाड्यात जुनी, न चालणारी यंत्रे पडून असावीत तशी.

जे तयार मिळते ते स्वतः बनवायचे कशाला, हा त्यामागचा सरळ हिशेब. माणसाच्या पेशीत राहणाऱ्या या जिवाणूने अन्न मिळवण्याची आणि ऊर्जा तयार करण्याची अनेक साधने हळूहळू गमावली. त्याची किंमतही तो मोजतो. आपल्या आतड्यांतला साधा ई-कोलाय जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. कुष्ठरोगाच्या जिवाणूला त्यासाठी सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणूनच लागण झाल्यापासून पहिले लक्षण दिसायला सरासरी पाच वर्षे जातात आणि काहींना तर वीस वर्षेही. आज दिसलेला चट्टा नेमका कोणाकडून आला, हे बहुतेक वेळा कोणालाच सांगता येत नाही.

तो नसांमध्येच का शिरतो?

या जिवाणूला थोडी थंड जागा आवडते, साधारण ३० ते ३३ अंशांची. म्हणून कानाची पाळी, नाक, हात, पाय आणि त्वचेजवळून जाणाऱ्या नसा ही त्याची ठिकाणे. हृदय, यकृत, मेंदू यांना तो फारसा धोका देत नाही. रुग्ण मरत नाही आणि जिवाणूचे घर शाबूत राहते.

नसेभोवती ‘श्वॉन’ नावाच्या पेशींचे आवरण असते, विजेच्या तारेवर प्लास्टिक असते तसे. जिवाणूच्या अंगावरचा एक मेदयुक्त पदार्थ या पेशींच्या बाहेरील प्रथिनाला किल्लीसारखा चिकटतो आणि दार उघडते. पृथ्वीवरच्या असंख्य जिवाणूंपैकी नसांच्या आत असा संसार थाटणारा हा जवळजवळ एकटाच. आत शिरल्यावर तो पेशीला चरबी साठवायला लावतो आणि त्या चरबीच्या आडोशाने राहतो. एडिनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये उंदरांच्या पेशींवर केलेल्या प्रयोगांत आणखी एक थक्क करणारी गोष्ट दिसली. जिवाणू शिरलेली श्वॉन पेशी आपली ओळख विसरून मूलपेशीसारखी होते. अशी पेशी शरीरात इतरत्र जाऊ शकते आणि आतला पाहुणाही तिच्यासोबत जातो. माणसात हे नेमके असेच घडते का, याचा अभ्यास अजून बाकी आहे; पण हा जिवाणू पेशीच्या कारभारात किती खोलवर हात घालू शकतो, हे त्यातून कळते.

या सगळ्याचा परिणाम माणसाच्या वाट्याला येतो तो असा की, संवेदनाच जाते. कापूस वेचताना बोंडाच्या टोकदार पाकळ्या बोटांना टोचतात, पण ते कळत नाही. तापलेल्या तव्याचा चटका कळत नाही. चपलेत अडकलेला खडा दिवसभर पाय घासतो, पण संध्याकाळी रक्त पाहिल्यावरच जखम लक्षात येते. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकू लागते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गेली की पाऊल लोंबते. चेहऱ्याची नस गेली की डोळा पूर्ण मिटत नाही. कुष्ठरोगाने बोटे झडतात हा समज चुकीचा आहे. न कळलेल्या, न जपलेल्या जखमा चिघळत जातात आणि बोटे आखडत जातात. दुखणे हा शरीराचा पहारेकरी असतो. हा जिवाणू आधी त्याच पहारेकऱ्याला गप्प करतो.

एकाच जिवाणूने दोघांना वेगवेगळा आजार कसा?

आपल्यापैकी सुमारे ९५ टक्के लोकांना या जिवाणूपासून नैसर्गिक संरक्षण असते. संपर्क आला तरी त्यांना रोग होत नाही. उरलेल्यांत काहींची प्रतिकारशक्ती जोरदार लढते, तेव्हा एक-दोन चट्टे उठतात आणि जिवाणू मोजकेच सापडतात. काहींची प्रतिकारशक्ती त्याला ओळखतच नाही. मग जिवाणू अफाट वाढतात, त्वचा तेलकट आणि जाड दिसू लागते, कानाच्या पाळ्या सुजतात. इतके होऊनही रुग्णाला ताप नसतो, कारण हा जिवाणू विष सोडत नाही. तो रोज शेतावर जातो, लग्नाच्या पंगतीत बसतो आणि नाकावाटे जिवाणू बाहेर पडत राहतात. सोबत बसल्याने किंवा हात मिळवल्याने रोग होत नाही. दीर्घकाळ, जवळचा सहवास लागतो. त्यामुळे उपचार न झालेल्या रुग्णाच्या घरातील माणसांना सर्वाधिक धोका असतो.

खरे तर नसांचे बरेचसे नुकसान जिवाणूमुळे थेट होत नाही. आपली प्रतिकारशक्ती उशिरा जागी होऊन त्याच्यावर तुटून पडते, त्या झटापटीत नस सुजते. यालाच डॉक्टर ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. ती उपचार सुरू असताना किंवा संपल्यावरही येऊ शकते. नस नुकतीच निकामी झाली असेल, साधारण सहा महिन्यांच्या आत, तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती अनेकदा पूर्ववत होते. त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते. तपासणीला झालेला उशीर म्हणजे वाकलेले बोट, हे समीकरण इथून येते.

जिवाणू बदलला नाही, मग युरोपातून रोग गेला कसा?

राजस्थानातील बालाथल येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सापडलेल्या एका सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा आढळल्या. तो सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे हा रोग आपल्याकडे किमान तितका जुना. मध्ययुगात तो युरोपभर होता. मग तिथून गेला कसा? जिवाणू सौम्य झाला म्हणून, असे म्हणावे तर पुरावा उलटा आहे. डेन्मार्क, स्वीडन आणि ब्रिटनमधील मध्ययुगीन थडग्यांतून मिळालेल्या जिवाणूंची जनुकीय रचना २०१३ मध्ये तपासली गेली. ती आजच्या जिवाणूंशी जवळजवळ जुळली. जगाच्या वेगवेगळ्या खंडांतील आजचे जिवाणूही एकमेकांशी विलक्षण सारखे आहेत.

म्हणजे हजार वर्षांत बदल झाला तो प्रामुख्याने माणसांच्या बाजूला. नॉर्वेने १८५६ मध्ये कुष्ठरुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. प्रभावी औषध हाती येण्याच्या कितीतरी आधी तिथला रोग ओसरू लागला. सुधारलेले राहणीमान, घरांतील कमी झालेली दाटी, रुग्णांना वेगळे ठेवण्याची तेव्हाची कठोर पद्धत, यांपैकी कशाचा वाटा किती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. वेगळे ठेवण्याची आज गरज नाही, कारण औषध सुरू झाल्यावर रुग्णाकडून संसर्गाचा धोका लवकरच संपतो. पण रुग्ण कोण, कुठला, त्याच्या घरात किती माणसे हे माहीत असल्याशिवाय रोग हटत नाही, हा नॉर्वेचा धडा आजही लागू आहे.

औषधांपुढे तो कसा टिकला?

या संथ जिवाणूनेही एकदा आपल्याला चकवले आहे. १९४० च्या दशकात डॅप्सोन हे औषध आले. स्वस्त, गोळीच्या रूपात, वर्षानुवर्षे घ्यायचे. अनेक वर्षे एकटे डॅप्सोनच वापरले गेले आणि १९६४ मध्ये त्याला न जुमानणारे जिवाणू प्रयोगशाळेत सिद्ध झाले. करोडो जिवाणूंमध्ये एखाद्यात योगायोगाने बदल झालेला असतो. औषध बाकीच्यांना मारते आणि तो एकटा मैदान मारतो. यावर उतारा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये रिफाम्पिसिन, क्लोफॅझिमाइन आणि डॅप्सोन अशी औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. एकाच जिवाणूत तिन्हींविरुद्ध एकाच वेळी बदल होणे जवळजवळ अशक्य. हाच बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी. सौम्य प्रकारात सहा महिने, तीव्र प्रकारात बारा महिने. सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. देशात हा उपचार सर्वांत आधी ज्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत यवतमाळशेजारचा वर्धा होता.

मग चुकले कुठे?

विदर्भाला या रोगाशी लढण्याची मोठी परंपरा आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे. १९५१ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीवर काम उभे केले. कार्यकर्ते घरोघरी जात, प्रत्येकाची त्वचा पाहत, नसा चाचपत. पुढे देशाच्या कार्यक्रमानेही तीच वाट धरली. जिवाणूचे जनुक कोणी वाचलेले नसताना या माणसांना त्याचा स्वभाव कळला होता. तो बोलणार नाही, आपणच जाऊन शोधले पाहिजे.

डिसेंबर २००५ मध्ये भारताने दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले आणि ‘निर्मूलन’ झाल्याचे जाहीर झाले. हा आकडा खोटा नव्हता, पण फसवा होता. तो त्या दिवशी उपचार सुरू असलेल्या, नोंदलेल्या रुग्णांचा होता. उपचाराचा काळ चोवीस महिन्यांवरून बारावर आणला की नोंदवहीतील संख्या आपोआप घटते. त्याच सुमारास कुष्ठरोगाची वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली, घरोघरची पाहणी जवळजवळ थांबली आणि रुग्णाने स्वतःहून यावे अशी अपेक्षा ठेवली गेली. जो रोग मुळात तक्रारच करू देत नाही, त्याच्या रुग्णाने तक्रार घेऊन यावे ही ती अपेक्षा होती. हीच त्या धोरणाची मूळ चूक, असे माझे मत आहे.

नोंद आणि रोग यांतला फरक करोनाने ढळढळीत दाखवला. २०१९ मध्ये जगात दोन लाखांहून अधिक नवे कुष्ठरुग्ण नोंदले गेले. २०२० मध्ये ही संख्या सुमारे १ लाख २७ हजारांवर आली. दोन आठवड्यांत एकदा दुणावणारा आणि पाच वर्षे दडणारा जिवाणू एका वर्षात एवढा ओसरत नसतो. ओसरला होता तो आपला शोध. आजही जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण भारतात आढळतात. २०१६ पासून शोधमोहिमा पुन्हा सुरू झाल्या, महाराष्ट्रात क्षयरोग आणि कुष्ठरोगाचा संयुक्त शोधही घेतला जातो, हे स्वागतार्हच. केंद्र सरकारने २०२७ पर्यंत रोगाचा प्रसार थांबवण्याचे लक्ष्य ठेवले आहे. त्यासाठी मोहीम कागदावर पूर्ण होऊन भागणार नाही.

बोरी अरबमध्ये काय करावे लागेल?

दारव्हा तालुक्यातील या गावाचे उदाहरण घेऊ. विदर्भातील कोणतेही गाव चालेल. कापूस, तूर, सोयाबीन यांवर जगणारी माणसे सकाळी लवकर शेतावर जातात. दुपारी अकराला आलेल्या पथकाला घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले भेटतात. दारावर खडूने खूण होते, पथक पुढे जाते. ज्यांची तपासणी हवी ती वेचणीला गेलेली असतात. त्यामुळे पहिली गोष्ट वेळेची. पाहणी सकाळी लवकर, संध्याकाळी किंवा बाजाराच्या दिवशी व्हावी.

दुसरी गोष्ट कपड्यांची. चट्टा पाठीवर, कमरेवर, मांडीवर असू शकतो. बाईने परक्या पुरुषासमोर पाठ दाखवावी ही अपेक्षा गावात चालत नाही. बायकांची तपासणी आशाताई किंवा आरोग्यसेविकेनेच, आडोशाला, उजेडात करावी. त्यासाठी त्यांना प्रशिक्षण, पुरेसा वेळ आणि वेळेवर मोबदला हवा. एका दिवसात ठरावीक घरे ‘उरकण्याचा’ दबाव असेल तर डोळ्यांसमोरचा चट्टाही सुटतो.

तिसरी गोष्ट घरच्यांची. रुग्णाच्या निकटच्या माणसांना रिफाम्पिसिनचा एकच डोस दिल्यास पुढे रोग होण्याची शक्यता घटते. बांगलादेशात वीस हजारांहून अधिक जणांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या दोन वर्षांत ही घट ५७ टक्के होती. भारताच्या कार्यक्रमात हा डोस समाविष्ट आहे. तो प्रत्येक रुग्णाच्या प्रत्येक संपर्कापर्यंत पोचतो का, हा खरा प्रश्न.

चौथी गोष्ट मोजमापाची. एखाद्या तालुक्यात रुग्ण कमी सापडले म्हणून पाठ थोपटण्याआधी दोन आकडे पाहावेत. नव्या रुग्णांत मुले किती आणि निदानाच्या दिवशीच हातापायांत विकृती असलेले किती? लहान मूल आजारी पडले, तर गावात संसर्ग अजून सुरू आहे. विकृती घेऊनच रुग्ण आला, तर यंत्रणा काही वर्षे उशिरा पोचली आहे.

यावर आक्षेप कोणते?

एक आक्षेप खर्चाचा. हजारो लोक तपासून हाती मोजके रुग्ण लागतात, मग एवढा खटाटोप कशाला? पण हिशेब पूर्ण मांडला तर चित्र उलटते. वेळेत सापडलेला रुग्ण सहा किंवा बारा महिने गोळ्या घेऊन शेतावर जात राहतो. उशिरा सापडलेल्याला आयुष्यभर जखमांची काळजी, खास एमसीआर चपला, कधी शस्त्रक्रिया लागते आणि मजुरी बुडते ती वेगळीच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निरोगी माणसांना रिफाम्पिसिन दिल्याने जिवाणू त्यालाही सरावले तर? डॅप्सोनचा इतिहास पाहता ही शंका रास्तच. हेच औषध क्षयावरही लागते. म्हणून डोस देण्याआधी क्षयाची आणि कुष्ठरोगाची लक्षणे तपासणे सक्तीचे आहे. रोग नसलेल्या माणसाच्या शरीरात जिवाणू फार थोडे असतात आणि डोस एकच असतो, त्यामुळे प्रतिरोधाची शक्यता बरीच कमी राहते. तरीही पुन्हा आजारी पडलेल्या रुग्णांमध्ये औषध-प्रतिरोधाची चाचणी नियमित व्हायला हवी.

तिसरा आक्षेप गावकऱ्यांचा. घरी पथक आले, गोळी दिली, की शेजाऱ्यांना कळते. ही भीती खरी आहे. ‘महारोग’ या शब्दाची दहशत अजून गेलेली नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण ठरवणारी तरतूद कायद्यातून काढायला २०१९ साल उजाडले. त्यामुळे रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचे नाव बाहेर जाता कामा नये. संपूर्ण आळीची तपासणी एकत्र केली, तर एकाच घराकडे बोट दाखवले जात नाही.

आपण काय पाहावे?

आंघोळीच्या वेळी घरातल्यांनी एकमेकांची पाठ पाहावी. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर त्यावर कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. डोळे मिटलेल्या माणसाला तो स्पर्श कळला नाही, तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. गजकर्ण समजून मेडिकलमधून आणलेले मलम महिनोन्‌महिने चोळत बसू नये. साधारणपणे गजकर्णाला खाज सुटते. बधिर चट्ट्याला सुटत नाही. हातापायांत मुंग्या, शर्टाचे बटण लावताना अडखळणे, पायातून चप्पल निसटणे, तेलकट चमक आलेली त्वचा, जाड झालेल्या कानाच्या पाळ्या याही खुणा आहेत. उपचार संपल्यानंतरही नस दुखली किंवा हाताची ताकद कमी झाली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

हजारो वर्षे या जिवाणूने आपल्या शरीराचा अभ्यास केला आणि गप्प राहण्यात आपले हित ओळखले. त्याचा स्वभाव आपल्याला बदलता येणार नाही, आणि औषध तर चार दशकांपासून आपल्या हातात आहे. उणीव आहे ती दार ठोठावणाऱ्या हातांची. वर्ध्याच्या कार्यकर्त्यांनी सत्तर वर्षांपूर्वी पायी फिरून जे केले, ते आज जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला नियमित, वर्षातून एकदा नव्हे तर सातत्याने, करता आलेच पाहिजे.